बुजरं मांजर, लांबलेलं दुखणं

रस्त्यावरून उचललेलं मांजर सहसा थेट कायमच्या घरी जात नाही. मधे कुणाच्या तरी घरची एक खोली लागते. तिथे त्याला जंताचं औषध दिलं जातं, लसी होतात, नसबंदीचे टाके वाळतात आणि हे मांजर माणसाबरोबर राहू शकेल का, याचा अंदाज येतो. मुंबई-पुण्यात भटक्या प्राण्यांसाठी धडपडणारी मंडळी अशा मधल्या मुक्कामाला ‘फॉस्टर’ म्हणतात. पिल्लांना असं पालकघर मिळून जातं. अडून राहतं ते मोठं, बुजरं आणि सतत काही ना काही दुखणं मागे लागलेलं मांजर.

धडधाकट पण बुजऱ्या मांजराला वेळ देता येतो. खाणंपिणं व्यवस्थित असेल तर महिनाभर ते खोक्यातच राहिलं म्हणून काही बिघडत नाही. आजारी पण धीट मांजराला मांडीवर घेऊन औषध पाजता येतं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की खरा पेच पडतो. औषधासाठी धरावं लागतं आणि धरलं की जेमतेम बसलेला विश्वास उडतो. धरलं नाही, तर आजार बळावतो. माझं मत या बाबतीत पक्कं आहे: दुखणं आधी, माणसाळणं नंतर. मात्र त्या दुखण्यावर इलाज करताना विश्वास कसा कमीत कमी खर्च होईल, हे पालकघराने शिकून घ्यायला हवं. या प्रकरणात बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

मांजर बुजरं का होतं, याचं बरंचसं उत्तर त्याच्या पहिल्या दोन महिन्यांत असतं. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात पिल्लांवर बरंच काम केलं. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागलेली पिल्लं पुढे माणसाला सहज स्वीकारतात. हा काळ निसटला की गोष्ट अवघड होत जाते. सँड्रा मॅक्यून यांनी १९९५मध्ये त्यात आणखी एक धागा जोडला. धीट, माणसाळलेल्या बोक्याची पिल्लं नवख्या माणसाजवळ आणि नव्या वस्तूंजवळ लवकर जातात. बोका पिल्लं वाढवत नाही, म्हणजे हा गुण शिकवणीतून आलेला नाही, रक्तातून आलेला आहे. तेव्हा कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या प्रत्येक मांजराला कुणीतरी मारलंच असेल, असं धरून चालू नये. कित्येकदा त्याला कुणी काहीच केलेलं नसतं. माणूस जवळून ठाऊकच नसतो, एवढंच.

आमच्याकडे भुरी नावाची एक भाटी होती, मासळीबाजारातली. तिथल्या मावश्या तिला रोज बांगड्याचं डोकं टाकायच्या, पण लांबून. माणसाचा आवाज, माणसाच्या येण्याजाण्याच्या वेळा, माणसाच्या हातून पडणारं अन्न हे सगळं तिच्या ओळखीचं होतं. स्पर्श तेवढा नव्हता. अशी मांजरं हळूहळू वळणावर येतात. कुणीतरी पाळून मग सोडून दिलेलं मांजर त्याहून लवकर सावरतं. याउलट माणसापासून पूर्ण फटकून वाढलेलं प्रौढ मांजर घरात कोंडणं ही दया नव्हे. नसबंदी करून, लस देऊन त्याला त्याच्या जागी परत सोडावं. पण त्याला रोज औषध लागणारा आजार असेल, तर परत सोडणं म्हणजे मरायला सोडणं. अशा मांजराला पालकघराशिवाय दुसरा आसरा नसतो.

भुरीचं ‘बुजरेपण’ निम्मंअधिक दुखण्याचं निघालं. बशी ठेवली की ती भुकेने धावत यायची, वास घ्यायची, एक घास तोंडात धरायची आणि एकदम बशीवरच फिस्कारून मागे सरायची. मग पंजाने जबडा पुसायची. हनुवटीखालचे केस लाळेने चिकट झालेले, अंगावरचे केस पिंजलेले. मांजर स्वतःला चाटेनासं झालं की तोंडात काहीतरी बिनसलंय, असं समजावं. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, तेव्हा जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातल्या हिरड्या कच्च्या मांसासारख्या लाल दिसत होत्या. तोंडाच्या या दीर्घकालीन दाहाशी कॅलिसी विषाणूचा संबंध वारंवार आढळतो. प्रतिजैविकं आणि स्टेरॉइड यांनी काही आठवडे बरं वाटतं आणि दुखणं पुन्हा उलटतं. आजवरचा सर्वांत भरवशाचा उपाय ऐकायला कठोर आहे. दाढा, आणि गरज पडली तर सगळे दात काढून टाकायचे. सुमारे दोन तृतीयांश मांजरांना त्यातून मोठा आराम पडतो किंवा ती पूर्ण बरी होतात. बिनदातांचं मांजर मऊ अन्न छान खातं, पुष्कळदा कोरडं खाणंही गिळतं. दात गेल्याचं दुःख आपल्याला होतं. मांजराची वेदना गेलेली असते.

मांजर वेदना लपवतं, हे खरंच. पण चेहऱ्यावर ती उमटतेच. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळ्यांचं आक्रसणं, नाकातोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची उंची या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा जास्त गुण झाले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. बुजऱ्या मांजरासाठी ही पट्टी फार मोलाची आहे, कारण हात न लावता, दारातून फोटो काढूनसुद्धा ती वापरता येते. दोन गैरसमज मात्र मनातून काढून टाकावेत. गप्प बसलेलं मांजर शांत असतंच असं नाही. पाय पोटाखाली आवळून, बाहुल्या मोठ्या करून, डोळे अर्धवट मिटून झोपेचं सोंग घेणारं मांजर हे फिस्कारणाऱ्या मांजराहून जास्त घाबरलेलं असू शकतं. आणि घुरघुरणारं मांजर सुखातच असतं असंही नाही. वेदनेतली मांजरंही घुरघुरतात.

आता खोलीबद्दल. पूर्ण घर मोकळं सोडणं हे बुजऱ्या मांजरावर उपकार नाहीत. एक लहान खोली, तीही नसेल तर न्हाणीघर, पहिले निदान दोन आठवडे पुरे. खिडकीला जाळी हवीच. पलंगाखालची आणि कपाटामागची जागा बंद करावी आणि त्याऐवजी लपायला आपणच जागा द्यावी: पुठ्ठ्याचं खोकं, आत जुना पंचा. नेदरलँड्समधल्या एका निवारागृहात उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांतच स्पष्टपणे कमी दिसला. बाकीचीही पुढे सावरली, पण उशिरा. आजारी मांजराच्या बाबतीत हा उशीर महागात पडतो.

कसा, ते सांगते. रस्त्यावरच्या बहुतेक मांजरांना कधी ना कधी मांजरांच्या हर्पिस विषाणूची लागण झालेली असते. सर्दी बरी होते, विषाणू मात्र मज्जातंतूंत दडी मारून बसतो आणि ताण आला की पुन्हा जागा होतो. पिंजरा, रिक्षा, दवाखाना, नवं घर हा सगळा ताणच. ताणानंतर साधारण आठवड्याभराने विषाणू बाहेर पडू लागतो आणि एकदोन आठवडे पडत राहतो. म्हणून पालकघरात आल्यावर ‘इतके दिवस बरं होतं, आता कसं शिंकायला लागलं?’ असा प्रश्न पडतो आणि लोक पंख्याला किंवा थंड फरशीला दोष देतात. कारण जुनंच असतं. डोळ्यांतून पाणी, चिकट पापण्या, बंद नाक हे चक्र या मांजराला आयुष्यभर अधूनमधून गाठणार, हे आधीच गृहीत धरावं. डोळा किलकिला ठेवला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं, कारण हर्पिसमुळे बुबुळावर व्रण होतात. लायसिनची पावडर अजूनही सर्रास सुचवली जाते. २०१५मधल्या एका आढाव्यात तिचा उपयोग होत असल्याचा पुरावा सापडला नाही. ते पैसे चांगल्या खाण्यावर खर्च करावेत.

घरात आधीची मांजरं असतील, तर विषाणूंची चिकाटी ठाऊक हवी. हर्पिस शरीराबाहेर जेमतेम दिवसभर टिकतो, कॅलिसी काही आठवडे तग धरतो आणि पॅनल्यूकोपेनियाचा, म्हणजे पिल्लांना पटापट मारणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू फटीकोपऱ्यांत वर्षभरही जिवंत राहतो. वेगळी भांडी, शी-शूचा वेगळा ट्रे, खोलीतून बाहेर येताना साबणाने धुतलेले हात. फरशी पुसायला फिनाइल मुळीच नको. फिनॉलसारखी रसायनं निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते आणि फरशीवर पडलेलं सगळं ते पंजे चाटून पोटात घेतं. पातळ केलेल्या ब्लीचने पुसून, नंतर साध्या पाण्याने पुन्हा पुसून, फरशी वाळल्यावरच मांजराला तिथे येऊ द्यावं. याच दुबळेपणामुळे माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराच्या मानेवर टाकल्यानेही जीव जातात. घरात असलेली कुठलीही गोळी ‘थोडीशी’ देऊन पाहण्याचा मोह माणसाने इथे कटाक्षाने टाळावा.

मांजर वासावर जेवतं. नाक बंद असलं की भूक असूनही ते बशीकडे ढुंकून पाहत नाही, आणि मांजराला उपास सोसत नाही. दोनतीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि तो स्वतंत्र, जीवघेणा आजार होऊन बसतो. जाड्या मांजरांत तर हे अधिकच झपाट्याने होतं. चोवीस तास काहीच खाल्लं नसेल, तर डॉक्टरांना फोन करावा. तोवर फ्रिजमधलं अन्न अंगाइतपत कोमट करून द्यावं. कोमट अन्नाचा वास उठतो. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेला बांगडा काटे काढून कुस्करला, तर रुसलेली बरीच मांजरं नाक वर करतात. कांदा-लसूण घातलेला रस्सा मात्र थेंबभरही नको, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध-पोळी कुस्करून ठेवायची रीत आहे. प्रौढ मांजरांतल्या बऱ्याच जणांना दूध पचत नाही, आणि पोळीत टॉरिन नसतं. मांजराला हे द्रव्य मांस-मासळीतूनच मिळवावं लागतं. ते न मिळाल्यास दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. हृदयाचा हा संबंध पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये दाखवून दिला आणि त्यानंतर जगभरच्या मांजरखाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं.

आता मूळ पेचाकडे येऊ. औषध आणि विश्वास यांची शक्यतो गाठ पडू द्यायची नाही. पहिला नियम: लपण्याच्या खोक्यातून मांजराला कधीही ओढून काढायचं नाही. ती त्याची जागा. तिथे आपला हात फक्त अन्न ठेवायला जावा. औषधाची जागा वेगळी, शक्य असल्यास औषध देणारा माणूसही वेगळा. ती वेळही ठरलेली असावी, म्हणजे उरलेला दिवस मांजराला बिनधोक वाटतो. डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारावं: दिवसातून दोनदाऐवजी एकदा चालेल असं औषध आहे का? पंधरवडाभर पुरणारं इंजेक्शन आहे का? चव न लागणारं, खाण्यात मिसळणारं काही आहे का? आजारावरचं सर्वांत उत्तम औषध आणि या मांजराला खरोखर देता येईल असं औषध या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. पोटात न गेलेलं उत्तम औषध काही कामाचं नसतं, हे समजूतदार डॉक्टर मान्य करतात.

गोळी द्यावीच लागली, तर जमिनीवर गुडघे टेकून, मांजराचं तोंड आपल्या विरुद्ध दिशेला करून, जाड पंच्यात मानेपर्यंत गुंडाळावं. समोरून वाकून आलेला माणूस मांजराला शिकाऱ्यासारखा भासतो. गालांच्या हाडांवर बोटं ठेवून डोकं किंचित वर करावं, खालचा जबडा मधल्या बोटाने उघडावा, गोळी जिभेच्या मागे टाकावी. त्यानंतर सिरिंजने पाचेक मिलिलिटर पाणी गालाच्या बाजूने, थांबत थांबत द्यायला विसरू नये. सर्दीसाठी नेहमी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी गिळवली आणि अन्ननलिकेत अडकली, तर तिथे जखम होऊन नलिका कायमची आकसू शकते. मग लगेच पंचा सैल करावा, आवडीचा घास पुढे ठेवावा आणि आपण उठून खोलीबाहेर जावं. लाडाने थोपटत बसू नये. त्या क्षणी मांजराला आपलं जाणंच हवं असतं.

जेवढं हात न लावता कळेल तेवढं तसंच जाणून घ्यावं. झोपलेल्या मांजराची छाती मिनिटात किती वेळा हलते ते लांबून मोजता येतं. तिशीच्या वर आकडा वारंवार गेला, तर तपासणी हवी. ट्रेमधले लघवीचे गोळे मोठे होत चालले, तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची शंका घ्यावी. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. तुंबलेल्या लघवीने दोनेक दिवसांत जीव जातो. वजनासाठी चपटा काटा बशीच्या जागी ठेवून द्यावा, बशी त्यावरच. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम घटलं म्हणजे शरीराचा दहावा भाग गेला, आणि दाट केसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही. हे सगळं एका वहीत लिहावं. डॉक्टरांच्या टेबलावर भीतीने गोठलेलं मांजर तपासणीला काहीच सांगत नाही, वही सांगते.

लांबलेल्या दुखण्यांपैकी दोन नावांनी लोक विनाकारण हातपाय गाळतात. पहिलं एफआयव्ही, म्हणजे मांजराची रोगप्रतिकारशक्ती कमकुवत करणारा विषाणू. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावच्या मांजरांत हा विषाणू १९८६मध्ये नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोतो यांना सापडला. तो मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. माणसाला किंवा कुत्र्याला होत नाही. अनेक बाधित मांजरं योग्य निगराणीत वर्षानुवर्षं नीट जगतात. सहा महिन्यांखालच्या पिल्लाची चाचणी बाधित आली, तरी ती आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे असू शकते, म्हणून पुन्हा करावी लागते. दुसरं म्हणजे म्हातारपणीचा मूत्रपिंडाचा विकार. तो पूर्ण बरा होत नाही, पण मांजर बरं राहू शकतं. डॉक्टरांनी शिकवल्यावर घरीच कातडीखाली सलाइन देता येतं. रिंगर लॅक्टेटची बाटली कोमट पाण्यात ठेवून आतलं पाणी अंगाइतपत करायचं, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून सुई घालायची, ठरलेले मिलिलिटर सोडायचे. पाठीवर पाण्याचा उंचवटा येतो, थोड्या वेळाने ओघळून पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो. बुजरी मांजरंही हे आश्चर्यकारक शांतपणे करून घेतात, कारण तोंडात काही कोंबावं लागत नाही.

दवाखान्याच्या फेऱ्या अटळ आहेत. पिंजरा माळ्यावर न ठेवता कायम खोलीत उघडा ठेवावा, आत त्याचंच अंथरूण. फारच घाबरणाऱ्या मांजराला निघण्यापूर्वी दोनेक तास आधी गॅबापेंटिन द्यावं का, हे डॉक्टरांना विचारावं; ताण कमी करण्यासाठी ते आता बरेच डॉक्टर वापरतात.

विश्वास कमावण्याच्या कामात नवं असं थोडंच आहे. खोलीत जमिनीवर, मांजराकडे पाठ किंवा बाजू करून बसावं. वर्तमानपत्र मोठ्याने वाचावं. रोज त्याच वेळी, त्याच आवाजात. नजर भिडली तर डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावेत. ससेक्स विद्यापीठाच्या २०२०मधल्या अभ्यासात असं केल्यावर मांजरं स्वतःही डोळे मिटकावताना आणि अनोळखी माणसाच्या हाताकडेही अधिक सहज येताना दिसली. हात पुढे करायचा तो एका बोटाचा, नाकाच्या उंचीला. गाल आणि कानामागची जागा आधी, पाठ नंतर, पोट कदाचित कधीच नाही. आणि चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे रेबीजच्या लशीबद्दल विचारावं. मांजराचे सुळे बारीक असतात, जखम छोटी दिसते आणि जंतू खोल जातात.

भुरी मांडीवर कधी बसली नाही. पण औषध झाल्यावरही ती पळून न जाता दोन हात अंतरावर बसून आपली बशी संपवायची आणि पोटरीला अंग घासून खोक्यात जायची. पालकघराकडून एवढंच अपेक्षित असतं. तिला दत्तक देताना घरच्यांना वही दाखवली, महिन्याचा औषधखर्च सांगितला, पाहुणे आले की ती दिसणार नाही हेही सांगितलं. आजार झाकून दिलेलं मांजर परत येतं आणि परत आलेलं बुजरं मांजर पहिल्यापेक्षा जास्त बुजतं.

तुम्ही हे काम अंगावर घेणार असाल, तर हो म्हणण्यापूर्वी चार गोष्टी ठरवून घ्या आणि शक्यतो लेखी: औषधांचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार, कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं, तुम्ही गावी गेलात तर सलाइन कोण देणार, आणि कायमचं घर मिळालंच नाही तर मांजर कुठे राहणार. कुणी गरोदर असेल, तर ट्रे दुसऱ्या कुणीतरी, रोज साफ करायचा, हेही घरात बोलून घ्या. दिवाळीच्या तोंडावर नवं बुजरं मांजर आणू नका. ही उत्तरं मिळाली आणि घरात दार लावता येईल अशी एक खोली असली, की पुढच्या वेळी कुणी विचारलं तर पिल्लू मागू नका. जे मोठं, आजारी मांजर कुणीच नेत नाहीये, ते मागा.